मुलाखती घेऊन आल्यावर झोप लागत नाही, याचं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी नांदेडकडची. समाजकार्यात पीएच.डी. करते. विषय बीड जिल्ह्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या बायकांचा आहे. अर्ध्याहून जास्त मुलाखती झाल्या. आता रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढायला बसलं की हातच चालत नाही. रात्री झोप नाही, घरी सगळ्यांवर चिडचिड होते. मार्गदर्शक म्हणतात, संशोधकाने वस्तुनिष्ठ राहायचं, एवढं मनावर घ्यायचं नाही. मी या कामाला नालायक आहे का? विषय बदलू का?"

नालायक तर नाहीच, आणि विषयही बदलू नका. एवढं आधी सांगून टाकते.

किल्लारीच्या भूकंपानंतर वसवलेली गावं, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आणि तुमच्या विषयाला लागूनच असलेली एकल बायकांची घरं, या कामात माझी बरीच वर्षं गेली. पुढे विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही करू लागले. तुम्ही लिहिलंय तसं होणारी मुलं-मुली दर बॅचला भेटतात, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात चांगलं ऐकणारी असतात. समोरची बाई जीव तोडून बोलते, तुम्ही दोन-दोन तास मांडी घालून ते ऐकून घेता. त्याचं तुम्हाला काहीच वाटलं नसतं, तर मला तुमच्या मुलाखतींबद्दल शंका आली असती.

कमी असेल तर ती आपल्याकडच्या संशोधनाच्या मांडणीत आहे. आराखड्यात नमुना निवड, प्रश्नावली, प्रवासखर्च, टंकलेखन, सगळ्याला रकाना असतो. ऐकणाऱ्याच्या मनावर जे साचतं, त्याला रकाना नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच.डी.ला सक्तीचा केला. वाङ्मयचौर्य, बनावट आकडे, बोगस नियतकालिकं यांवर त्यात शिकवतात आणि ते शिकवायलाच पाहिजे. पण मुलाखत चालू असताना बाई ओक्साबोक्शी रडायला लागली तर काय करायचं, आणि घरी आल्यावर तिचा आवाज कानातून जात नसेल तर कुणाशी बोलायचं, हे शिकायची वेळ थेट शेतातल्या घरात येते. मग ज्याचं त्याने गुपचूप निस्तरायचं. तुम्ही सध्या तेच करताय.

तुमचा हात मुलाखत घेताना अडला नाही, उतरवून काढताना अडला. असंच होतं. मुलाखतीत तुमच्यामागे पन्नास व्यवधानं असतात. पुढचा प्रश्न, रेकॉर्डर चालू आहे ना, दारात येऊन उभा राहिलेला दीर, रडणारं लेकरू, शेवटची एसटी. मन त्यात गुंतलेलं राहतं. घरी हेडफोन लावून बसलं की तेच वाक्य चार-पाच वेळा मागे नेऊन ऐकावं लागतं, कारण मध्येच पंखा घुमतोय किंवा ती हुंदका आवरत बोलतेय. जे तिने एकदाच उच्चारलं, ते तुमच्या कानात पाच वेळा उतरतं. आणि आता ती समोर नसते. तिला पाणी द्यायला, हात धरायला, नुसतं 'हं' म्हणायलाही वाव नसतो. म्हणून रेकॉर्डिंग रात्री ऐकू नका, झोपायच्या खोलीत तर नकोच. दिवसा, घरात कुणीतरी असताना, तासाभराच्या वर नाही. एखादी मुलाखत अजिबात ऐकवत नसेल तर तिला खूण करून बाजूला ठेवा आणि हलकी आधी घ्या. क्रमाने उतरवलंच पाहिजे असा कुठे नियम नाही.

आता जरा मुळाशी येते. क्षेत्रात, म्हणजे मुलाखतींसाठी गावांत फिरताना, जे वाटतं ते सगळं दुःखच असतं असं नाही. संशय येतो, कंटाळा येतो, राग येतो, किळस येते, कधी हसू येतं. दुःख वाटलं तर निदान सांगता येतं, बाकीच्यांची लाज वाटते. एका घरातलं सांगते, गाव आणि नाव सोडून.

आम्ही बसल्याबरोबर त्या बाईने कपाटावरून एक कॅरीबॅग काढली आणि सतरंजीवर एकेक कागद मांडला. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सोसायटीची थकबाकीची नोटीस, मयताचं आधार कार्ड, पेपरातलं कात्रण. कागद इतक्या वेळा उलगडलेले, की घडीवरची अक्षरं उडून गेली होती. मग तिने नवऱ्याच्या मरणाची हकिगत सांगितली. आधी नापिकी, मग कर्ज, मग वसुलीचा तगादा, याच क्रमाने, कुठेही न अडखळता. डोळ्याला पाणी नाही. शेवटी म्हणाली, "आता अजून काय काय लागायलंय, सांगा मॅडम."

माझ्यासोबतच्या विद्यार्थिनीला त्या क्षणी वाईट वाटलं नाही, संशय आला. पाठ केल्यासारखं बोलतेय ही बाई. आणि असा संशय आपल्याला आलाच कसा, याची तिला रात्रभर लाज वाटत राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाखतीवर बोललोच नाही, त्या संशयावर बोलत बसलो. का आला? कारण हकिगत खरंच पाठ झालेली होती. २००६च्या शासन निर्णयाप्रमाणे वारसाला १ लाखाची मदत मिळते, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ती मिळायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. नापिकी होती का, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज होतं का, परतफेडीचा तगादा होता का, हे बघितलं जातं. जमीन घराबाहेरच्या माणसाच्या नावावर असेल, बटईने केलेली असेल, कर्ज पाहुण्यारावळ्यांचं किंवा बिगरपरवाना सावकाराचं असेल, तर प्रकरण 'अपात्र'. त्या बाईने ही हकिगत पोलिसांना, तलाठ्याला, तहसीलला, बँकेला, पत्रकारांना, दारात आलेल्या पुढाऱ्यांना सांगितली होती. प्रत्येकाला त्यातलं तेवढंच हवं होतं. सांगता सांगता तिच्या दुःखाला अर्जाचा आकार आला होता. आम्हालाही तिने तेच दिलं, कारण कागद घेऊन बसणारी माणसं तेच मागतात हा तिचा अनुभव. त्या संशयातून त्या मुलीच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण निघालं. लाज वाटून ती गप्प बसली असती, तर ते निघालं नसतं.

मनात उमटतं ते संशोधनाचं साहित्यच असतं, हे मी एकटी म्हणत नाही. आधुनिक क्षेत्रकार्याचा पाया घालणारे ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले. त्यांच्या संशोधनात ते शांत, समजूतदार निरीक्षक दिसतात. त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ साली त्यांची खासगी रोजनिशी छापली गेली, तेव्हा त्यात एकटेपणा, चिडचिड, बेटावरच्या लोकांबद्दलचा राग, सगळं निघालं. मानववंशशास्त्रात मोठी खळबळ माजली. त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज डेव्हरो यांनी मांडलं, की अभ्यासकाला जी अस्वस्थता वाटते ती झाकू नका, तीच तपासा, कारण तो जे बघतोय त्याबद्दल ती काही सांगत असते.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मानववंशशास्त्रज्ञ रेनाटो रोसाल्डो यांचं उदाहरण. फिलिपिन्समधल्या इलोंगोट लोकांत ते आणि त्यांची पत्नी मिशेल काम करत. तिथले वयस्क पुरुष त्यांना सांगत, की जवळचं माणूस गेलं की दुःखातून असा संताप येतो की माणूस दुसऱ्याचा जीव घ्यायला निघतो. रोसाल्डोंना हे उत्तर अपुरं वाटायचं, ते त्यामागे आणखी काही कारण शोधत राहिले. १९८१ मध्ये क्षेत्रकार्य चालू असतानाच मिशेल कड्यावरून पडून गेल्या. त्यांचा देह पाहिल्यावर आपल्या आत जो संताप उसळला, तो बघून रोसाल्डोंना कळलं की ते म्हातारे शब्दशः खरं सांगत होते. एवढी किंमत कुणाला मोजायला लागू नये. पण तुमच्या मुलाखतीतली एखादी बाई गेलेल्या नवऱ्यावर चिडून बोलत असेल, "मला अन् लेकरांना टाकून गेला, त्याचं काय जातंय" असं म्हणत असेल, तर तो राग तिच्या दुःखावरचं आवरण आहे असं समजून घाईने पुढे जाऊ नका. तो राग हेच तिचं म्हणणं असू शकतं.

तुमच्या मार्गदर्शकांचं एका अर्थाने बरोबर आहे, हेही सांगायला पाहिजे. वस्तुनिष्ठ राहायचं म्हणजे आपल्याला नको असलेलं सापडलं तरी ते लिहायचं. काही घरांत तुम्हाला अशी बाई भेटेल, जी हळूच सांगेल की नवरा पिऊन मारायचा, आता निदान रात्री झोप लागते. ते ऐकून तुम्हाला धक्का बसेल, कारण तुम्ही हुंदके ऐकायच्या तयारीने गेलेल्या असता. तिची सुटका झाल्याची भावना लिहायची नाही, असं तुमच्या मनाने ठरवलं तर ते चूक होईल. वस्तुनिष्ठता ती एवढी. काही वाटूनच घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ कुठल्याही शास्त्रात नाही.

रागाचं वेगळं सांगते. ऊसतोडीच्या कामात मला सगळ्यात जड गेलं ते मुकादमांच्या, म्हणजे कारखान्याला मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्यांच्या, मुलाखती घेणं. सकाळी कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, बायकांशी बोलायचं. आगाऊ घेतलेली उचल फिटेना, आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापतात, पाळीच्या त्रासामुळे खाडे नकोत म्हणून गर्भाची पिशवीच काढून टाकली, हे ऐकायचं. २०१९ मध्ये बीडमधल्या या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पण त्या बायका ते कितीतरी आधीपासून सांगत होत्या. आणि दुपारी त्याच टोळीच्या मुकादमासमोर बसून, चेहरा साधा ठेवून विचारायचं, "दादा, उचल कशी देता?" पोटात आग आणि तोंडावर नम्रता. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदऱ्यांचा अभ्यास करून दाखवून दिलं, की हसरा चेहरा ठेवणं हे कामच आहे, त्याने माणूस दमतो आणि त्या श्रमाचा हिशेब कुणी धरत नाही. संशोधकाचंही तसंच आहे. मुकादमाच्या मुलाखतीनंतर अंग मोडून आल्यासारखं होतं, ते उन्हामुळे नसतं. पुढे कळतं की तो मुकादमही कारखान्याकडून पैसे उचलून बसलाय आणि टोळी पळून गेली तर त्याची जमीन जाते. राग कमी होत नाही, पण तो कुणावर काढायचा हे सोपं राहत नाही. ही गुंतागुंत लिहिता आली पाहिजे.

परदेशी लिखाणात 'क्षेत्र सोडून येणं' यावर खूप चर्चा असते. विमानात बसलं की संपलं. आपलं तसं नाही. तुमचं क्षेत्र नांदेडपासून एका एसटीच्या अंतरावर आहे, आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे आहे. सहा महिन्यांनी फोन येतो, "मॅडम, आमचं काम झालं का?" त्या फोनचं ओझं मुलाखतीपेक्षा जास्त असतं. तिने चहा केला, दूध नसेल तर शेजारून आणलं, आयुष्यातलं सगळ्यात वाईट तुमच्यासमोर मांडलं. तुम्हाला डॉक्टरेट मिळणार, तिला काय? तुमची झोप उडायचं मोठं कारण दुःखापेक्षा हे देणं असावं, असा माझा अंदाज आहे.

या देण्याचं थोडंफार करता येतं. जाण्याआधी तालुक्याची माहिती काढून ठेवा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेला कोणते कागद लागतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कुठे आहे, वारसा हक्काने सातबाऱ्यावर नाव लावायला कुणाकडे जायचं. मुलाखत संपल्यावर रेकॉर्डर बंद करून ही माहिती द्या, वाटलं तर अर्जही भरून द्या. याने संशोधन बिघडतं असं म्हणणारे भेटतील. माझ्या मते बिघडत नाही. फक्त काय मदत केली ते प्रबंधात नोंदवा. पण पैशाचा शब्द देऊ नका, 'मी साहेबांशी बोलते' असंही म्हणू नका. आणि सुरुवातीलाच, दोनदा सांगा की मी सरकारकडून आलेली नाही. एकदा सांगून ते पोचत नाही, कारण वही-पेन घेऊन आलेलं माणूस गावाला सरकारीच वाटतं.

जातीबद्दल बोलल्याशिवाय मराठवाड्यातलं क्षेत्रकार्य पुरं होत नाही. "आडनाव काय? गाव कुठलं? पाहुणे कुठले?" हे तीन प्रश्न पाणी यायच्या आधी येतात. आरक्षणावरून २०२३ पासून गावांत जे ताण वाढलेत, त्यानंतर तर समोरची माणसं उत्तर ऐकून बोलायचं की नाही ते ठरवतात. दलित विद्यार्थ्याला यात सगळ्यात जास्त सोसावं लागतं. कुणी बाहेरच्या ओट्यावर बसवतं, कुणी त्याच्यासमोरच त्याच्या समाजाबद्दल बोलतं, आणि त्याने प्रश्नावली पुढे न्यायची. माझ्या ओळखीत असेही संशोधक आहेत, ज्यांनी नामांतराच्या वेळच्या, १९७८च्या हिंसाचाराच्या आठवणी गोळा केल्या आणि ज्यांच्या स्वतःच्या घरच्यांनी तेव्हा गाव सोडलं होतं. त्यांना 'अंतर ठेवा' असा सल्ला देणं क्रूरपणाचं आहे. मार्गदर्शकांनी हे आधी विचारायला हवं. विद्यार्थी आपणहून सांगत नाही.

आनंदाचंही सांगते, कारण त्याचाही अपराध वाटतो. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जेवायला बोलावतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि वर्षभर घरात दबून राहिलेली बाई तिथे जावांबरोबर खदाखदा हसते. तुम्हीही हसता आणि रात्री वाटतं, आपण तर हिच्या दुःखाचा अभ्यास करायला आलो होतो. हसलात ते बरं केलंत. ते वहीत लिहा. ज्या बाईच्या नोंदींत फक्त मरण आहे, तिच्याबद्दल आपण फार थोडं लिहिलंय.

वह्या दोन ठेवा. एकीत काय घडलं, कोण काय बोललं. दुसरीत तुम्हाला काय झालं. चीड आली, झोप आली, पळून जावंसं वाटलं, जे असेल ते, त्याच दिवशी. ही दुसरी वही कुणाला दाखवायची नसते, पण विश्लेषणाला बसाल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवा. दिवसाला दोनपेक्षा जास्त जड मुलाखती घेऊ नका. बाई रडली तर रेकॉर्डर थांबवा, लगेच समजूत काढायला जाऊ नका, थोडा वेळ नुसतं बसा आणि मग पुढे बोलायचंय का ते तिलाच विचारा. जोडीला बोलायला कुणीतरी शोधा, असंच काम करणारी मैत्रीण सगळ्यात बरी. तिला तुमच्याबद्दल सांगा. त्या बाईचं नाव-गाव सांगू नका. तुम्हाला त्या घरापर्यंत नेणाऱ्या आशाताईचीही विचारपूस करा. ती ते सगळं ऐकते आणि तिला तिथेच राहायचं असतं. फॉर्ममागे पैसे घेऊन सर्वेक्षण करणाऱ्या पोरांची तर कुणीच विचारपूस करत नाही.

मार्गदर्शकांकडे जाताना 'मला त्रास होतोय' एवढंच म्हणू नका, ते पुन्हा तेच ऐकवतील. दुसऱ्या वहीतल्या दोन नोंदी घेऊन जा आणि सांगा, की संशोधन पद्धतीच्या प्रकरणात मला यावर दोन-तीन पानं लिहायची आहेत. 'प्रस्तुत संशोधिकेस असे आढळून आले' या भाषेत ती लिहिता येणार नाहीत, तेवढ्यापुरतं 'मी' लिहायची परवानगी मागा. बरेच मार्गदर्शक देतात. त्यांनीही कधीतरी हे सोसलेलं असतं. मात्र दोन-तीनच पानं. प्रबंध त्या बायकांचा आहे.

एक गोष्ट लांबणीवर टाकू नका. झोप न लागणं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, जेवण सुटलं असेल, किंवा मरणाचे विचार तुमच्याच मनात यायला लागले असतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आत्महत्येवर काम करणाऱ्याने हा नंबर स्वतःसाठीही जवळ ठेवायचा असतो.

उरलेल्या मुलाखती महिनाभर थांबवा. तोवर झालेल्यांपैकी हलक्या उतरवून काढा. पुन्हा सुरू कराल तेव्हा पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत जाऊ नका; बाईला वेळ नसतो आणि तुमच्यामुळे तिचा रोज बुडतो. घरातल्या माणसाचं वर्षश्राद्ध जवळ असेल तर ते होऊन जाऊ द्या. तारीख ठरवायच्या आधी फोन करून तिला विचारा की यायचं का, आणि नको म्हणाली तर तिचं नाव यादीतून काढून टाका.